शेवाळाखालचा बर्फ

आई, मी इथे नक्की काय काम करते ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू शेजारणींना सांगायचीस, पोरगी अमेरिकेत जंगलखात्यातली साहेब व्हायला गेलीय, आणि मी ते कधी खोडून काढलं नाही. साहेब म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे जीपमधून उतरणारा, काठीच्या टोकाने रोपांच्या रांगा मोजणारा आणि उन्हात दोन मिनिटं उभं राहून निघून जाणारा माणूस यायचा. तुला जाऊन आता सतरा वर्षं झाली. परीक्षा चालू होती म्हणून मी तेराव्यालाच पोचले, तेव्हा घरात तुझ्या साड्यासुद्धा वाटून झाल्या होत्या. त्यानंतर मी तुझ्याशी मनातही फारशी बोलले नाही. या आठवड्यात मात्र दुसरं कोणी सुचत नाही. टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या मावसबहिणीला फोनवर सांगायला गेले, तर ती म्हणाली, "अगं, झाडंच आहेत ना? पुन्हा लावा की." ती माझी काळजी करते, तिचं काही चुकलं नाही. पण फोन ठेवल्यावर वाटलं, ही गोष्ट ऐकून जी नुसती गप्प बसली असती अशी एकच बाई मला माहीत होती.

आम्ही अलास्कात राहतो. आधी सिॲटलजवळ रेडमंडला होतो. तुझा जावई तिथे सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता, आता तेच काम घरी बसून करतो. मला इथल्या जंगलात काम मिळालं म्हणून आम्ही वर आलो. तू या जंगलाला जंगल म्हटलं नसतंस. स्प्रूसची झाडं, सुरूसारखी टोकदार पण काळपट, बारकी, एकमेकांपासून लांब लांब उभी. शंभर वर्षांच्या झाडाचं खोड तुझ्या दोन पंजांत मावेल. खाली सगळीकडे शेवाळ, गादीसारखं जाड. पाय घोट्यापर्यंत आत जातो. काही ठिकाणी त्या शेवाळाच्या खाली जमीनच गोठलेली असते, भर उन्हाळ्यातही वितळत नाही, हजारो वर्षांचा बर्फ. आपल्याकडे गाडीवाला बर्फाच्या लादीवर गोणपाट टाकायचा ना, तसं ते शेवाळ त्याच्यावर असतं. अशी एक टेकडी वणव्यात जळली. बी पडून नवी झाडं उभी राहात होती, तेवढ्यात ती दुसऱ्यांदा जळली. त्या पोरवयाच्या झाडांना अजून बी धरलं नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या आगीनंतर पेरायला काही उरलंच नाही. नुसतं कमरेएवढं गवत आणि काळे बुंधे. फक्त खालच्या अंगाला, जिथे ओल होती तिथे आग पोचली नाही, आणि तीसेक म्हातारी झाडं वाचली.

ती टेकडी परत उभी करायची योजना माझी होती. शेवाळावर आणि गवतात पडलेलं बी वाळून जातं, त्याला उघडी माती लागते. म्हणून ट्रॅक्टरच्या मागे दोन मोठ्या दातेरी तबकड्या लावायच्या, त्या वरचा थर कापत, उलटवत जातात आणि मागे मातीची उघडी सरी राहते. त्या सऱ्यांत पुढच्या उन्हाळ्यात रोपं लावायची. खालच्या अंगाला म्हाताऱ्या झाडांच्या आजूबाजूलाही सऱ्या पाडायच्या, म्हणजे त्यांचं स्वतःचं बी तिथे धरेल. कागदावर फार सुंदर दिसत होतं ते. मी ऑफिसात सगळ्यांसमोर ते मांडलं तेव्हा आमच्या प्रमुखाने टाळ्या वाजवल्या होत्या.

चार वर्षांपूर्वी ऑगस्टच्या शेवटाला काम सुरू झालं. ट्रॅक्टर चालवणारा माणूस साठीला आलेला, इथलाच, कमी बोलणारा. आयुष्यभर याच मुलखात रस्ते काढलेला. तो मला बॉस म्हणायचा, थट्टेने नाही आणि आदरानेही नाही, नुसतंच. वरची बाजू संपवून तो खाली आला आणि पहिल्या म्हाताऱ्या झाडाच्या अलीकडे मशीन थांबवलं. उतरला. त्याच्याकडे एक लोखंडी सळई असायची. ती शेवाळात खुपसत चार-पाच ठिकाणी फिरला आणि मला हात केला.

"बॉस, इकडे ये जरा."

मी गेले. त्याने सळई दाबली. हातभरसुद्धा आत गेली नाही.

"दगड?" मी विचारलं.

"दगड असता तर वाजला असता. हे वाजत नाही." त्याने पुन्हा दाबून दाखवली. "उन्हाळा संपत आलाय आणि बर्फ इतका वर आहे. इथलं शेवाळ काढलंस तर खालचं सगळं वितळेल. ती झाडं त्याच्यावरच उभी आहेत. वरचं झालंय तेवढं पुरे कर, हे सोड."

मी टॅबलेट उघडला. नकाशात गोठलेल्या जमिनीची हद्द आणखी खाली, नाल्याच्या काठाने दाखवली होती. मी त्याला ती रेघ दाखवली. म्हटलं, "मॅपमध्ये इथे बर्फ नाहीये."

"मॅपवाला इथे उतरला होता का?"

मी हसले. आई, मला हसू कसं आलं ते मला आजही सांगता येत नाही. दोन-तीन आठवड्यांत बर्फ पडायला सुरुवात होणार होती. नर्सरीत रोपं तयार होत होती, तीही मोजून, याच जागेसाठी. खालचा भाग सोडायचा तर आराखडा बदलायचा, पुन्हा सह्या घ्यायच्या, म्हणजे एक अख्खं वर्ष गेलं. आणि तो सळईवाला, मी डिग्रीवाली, हेही कुठेतरी होतंच. मी म्हटलं, "चालव."

"शुअर?"

"शुअर."

तो वर चढला आणि मशीन सुरू केलं. संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्या झाडांच्या मधून काळ्याभोर सऱ्या पडल्या होत्या, कंगवा फिरवल्यासारख्या. मी फोटो काढले.

पुढच्या जूनमध्ये रोपं आली, थंड ट्रकमधून, पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून. तोंडाभोवती डासांची जाळी बांधून, कमरेला दोन्ही बाजूंनी पिशव्या लटकवून लावायची असतात. मी बॉस असले तरी तीन आठवडे लोकांबरोबर लावत होते. एक पाऊल, कुदळीचा एक घाव, रोप आत, टाचेने माती दाबायची, पुढे. कोणी घाईने लावलं की मी मागून जाऊन रोप उपटून बघायची. मूळ वाकलेलं दिसलं की परत लावायला सांगायची. माझ्यावर हसायचे सगळे. त्यांना काय माहीत, मी मनाने एप्रिलच्या उन्हात, चंद्रपूरजवळ तू मजुरीला जायचीस त्या जंगलखात्याच्या रोपवाटिकेत, ग्रीन नेटखाली बसलेली आहे. मी दहा वर्षांची. शाळेला सुट्टी, म्हणून तू मला बरोबर नेलंयस. वाफ्यातलं आवळ्याचं इवलं रोप उचलायचं, काळ्या पिशवीतल्या मातीत बोटाने भोक करायचं, रोप सोडायचं. मला कंटाळा आलाय आणि मी भराभर भोकात रोपं ढकलतेय. तू झारी घेऊन चाललेली असतेस, थांबतेस.

"हे काय करून राहिली तू?"

"लावते ना."

"लावून नाही राहिली, कोंबून राहिली." तू एक पिशवी उचलतेस, हातावर आपटून माती मोकळी करतेस आणि मला मूळ दाखवतेस. खाली जायच्या ऐवजी वळून वर आलेलं. "हे झाड दोन-चार वर्सं हिरवं दिसते. लोक म्हनते, जगलं. मंग एक दिवस उभ्या उभ्या वाळते अन् कोनालेच समजत नाही काऊन वाळलं."

मग तू माझ्याकडून त्या सगळ्या पिशव्या पुन्हा करून घेतल्यास. बाकीच्या बायका जेवायला बसल्या तरी मी करत होते, आणि तूही न जेवता शेजारी उभी होतीस. मी रडत होते. तू एकदाही "राहू दे" म्हणाली नाहीस. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र तू माझ्या हातांना खोबरेल लावलंस. पुढे मला वनशास्त्राच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा तू तिथल्या फॉरेस्ट गार्डकडे चौकशी करून माझ्यासाठी पुरुषांचे कॅनव्हासचे बूट आणलेस, जंगलात साप असतात म्हणून. दोन नंबर मोठे होते. पुढे चिंध्या कोंबून मी ते तीन वर्षं घातले. आमच्या या टेकडीवरच्या रोपांची मुळं सरळ होती, आई. तेवढं मी पाहिलं.

वरच्या बाजूची रोपं पहिल्याच हिवाळ्यात गेली, बरीचशी. उघड्या मातीत पाणी गोठतं, फुगतं आणि रोपाला मुळासकट वर ढकलतं, बाटलीचं बूच सुटावं तसं. वसंतात बर्फ वितळल्यावर मी गेले तर रोपं सरीत आडवी पडलेली, मुळं वाऱ्यावर. उरलेल्यांतली काही सशांनी शेंड्यापासून खाल्ली, काही गवताने झाकली. मग दोन उन्हाळे पाऊस नाही, आकाशात दुसरीकडच्या वणव्यांचा धूर. हे सगळं वाईट होतं, पण हे होतं हे आम्हाला ठाऊक असतं. रोपं मरतात. तुझ्याकडेही मरायची.

खालचं वेगळं होतं. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात मी तिथे उतरले तर सऱ्यांमध्ये पाणी साचलं होतं. पाऊस नसताना. गोणपाट काढलेल्या लादीचं जे होतं तेच झालं होतं. जमीन जागोजागी खचली होती आणि म्हातारी झाडं कलायला लागली होती, एक इकडे, एक तिकडे. मी एका झाडाला हात लावला तर ते माझ्या हाताच्या जोराने हललं. दोन आगींतून वाचलेली ती झाडं. या वर्षी जूनमध्ये शेवटच्या मोजणीला गेलो तेव्हा त्यातली उभी अशी चार उरली होती. बाकीची पाण्यात पडलेली, मुळांचे पंजे वर करून. मोजणीसाठी जमिनीवर आखलेल्या चौकटींत मी रोपं शोधत रांगत होते. एखाददुसरं सापडलं. बऱ्याच चौकटींत काहीच नाही. आम्ही गेलोच नसतो तर टेकडीवर निदान ती तीस झाडं असती, आणि त्यांनी पन्नास-शंभर वर्षांत हळूहळू काहीतरी केलं असतं. मी तीच टेकडी उभी करायला गेले होते.

तिथे पाण्याच्या कडेला बसले असताना मला तुझा एक दिवस आठवला. चार वर्षांपूर्वी, ट्रॅक्टरवाला सळई दाबून दाखवत असताना, आठवायला हवा होता. तेव्हा नाही आठवला. मी लहान असताना एका वर्षी सागाच्या लागवडीसाठी जंगलाचा एक तुकडा साफ करायचा होता आणि तुम्हा बायकांना नर्सरीतून तिकडे नेलं होतं. मोह, तेंदू, चारोळी, बेहडा, जे उभं असेल ते तोडायचं, ढीग करायचे, पेटवायचे. तू घरी आलीस तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत काळे होते. पाय न धुता तू चुलीपुढे बसलीस. भात शिजवलास, मला वाढलास आणि स्वतः घेतला नाहीस. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "साहेबाले म्हटलं मी, मोह ठेवा, तो काही सागाच्या आड येत नाही. चांगला होता तो साहेब. ऐकून घेतलं त्यानं. म्हने, मावशी, नकाशात ठेवा म्हनून नाही लिहिलं." मग बराच वेळ तू चुलीतला विस्तव बघत होतीस. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा त्याच कामावर गेलीस, कारण जायलाच लागायचं. तुझ्या हाताने जाळलं गेलं, पण तुला कोणी विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं, आई. दोनदा विचारलं होतं.

जुलैत मी रिपोर्ट लिहिला. अवर्षण, मातीतलं पाणी गोठून रोपं उचलली जाणं, ससे, गवत. प्रत्येक शब्द खरा होता. खालच्या उताराबद्दल लिहिलं, "अपेक्षेपेक्षा उष्ण उन्हाळ्यांमुळे जमीन खचली." प्रमुखाने वाचून मान हलवली. "कुणाच्या हातात नव्हतं हे," तो म्हणाला. "लेसन्स लर्न्ड म्हणून लिहू आणि पुढे जाऊ." पुढे म्हणजे पलीकडची टेकडी, तीच पद्धत, त्याच तबकड्या. मी बरं म्हटलं. त्या दिवशी मला हलकं वाटलं होतं.

ऑगस्टच्या शेवटाला ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला. मी स्वयंपाकघरात थालीपीठ लावत होते, हात पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. लेक टेबलाशी अभ्यास करत बसली होती.

"पलीकडच्या टेकडीचं काम मला देतायत," तो म्हणाला. "त्यांनी तुझा रिपोर्ट पाठवलाय. त्यात बर्फाचं काही नाही. विसरलीस का?"

मी म्हटलं, "उष्ण उन्हाळे झाले ना."

"हो, झाले," तो म्हणाला. "तिथेही खालच्या अंगाला तसंच आहे, बॉस. मी सळई घालून आलोय." आणि मला काही बोलायला न लावता त्याने फोन ठेवला.

लेक पंधरा वर्षांची आहे. माझं मराठी तिला कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये देते. तिने पेन खाली ठेवलं. "ममा, ही टोल्ड यू? बिफोर?"

"हो."

"सो यू न्यू."

"आधी ती भांडी डिशवॉशरला लाव," मी म्हटलं.

ती उठली. एकेक ताट आवाज न करता लावलं, थालीपीठ ताटात घेतलं आणि वर निघून गेली. तव्यावरचं करपलं होतं. मी ते खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मी प्रमुखाला मेल पाठवली. लिहिलं की खालच्या भागात बर्फ वर होता, शेवाळ काढल्यामुळेच जमीन खचली, झाडं त्यामुळे पडली, रिपोर्ट दुरुस्त करावा आणि नव्या टेकडीचा खालचा भाग सोडावा. उत्तर लगेच आलं, सौजन्याचं. मुद्दा महत्त्वाचा आहे, नोंद घेतली आहे, पण करार झालाय, रोपं सांगितलेली आहेत, बर्फ पडायच्या आत काम व्हायला हवं; यंदा विशेष काळजी घेऊ. मी ते वाचलं आणि मला राग आला नाही. राग कोणावर करणार? हे सगळं मीच बोललेले होते. ट्रॅक्टरवाल्याने काम नाकारलं. मी फोन करून विचारलं, आता काय करणार, तर म्हणाला, हिवाळ्यात लोकांच्या दारातला बर्फ ओढायचं काम मिळेल, तुझी मुलगी कशी आहे. त्याच्या जागी दुसरा माणूस आला, त्याचं मशीन आणखी मोठं होतं.

गेल्या रविवारी मी एकटीच तिकडे ड्राइव्ह करून गेले. सुट्टी होती, मशीन उताराच्या मध्यावर थांबलेलं, माणूस कोणी नाही. खालच्या अंगाला सऱ्या पाडून झाल्या होत्या. मी सळई घेऊन गेले होते. पहिल्या काही ठिकाणी ती खोल गेली आणि मला वाटलं, देवा, माझंच चुकलेलं असू दे. मग एका ठिकाणी थांबली. वाजली नाही. पुढे सगळीकडे थांबत गेली. मी खाली बसले आणि उलटलेल्या शेवाळाची ढेकळं हाताने उचलून सरीत परत लावायला लागले, हिरवी बाजू वर. एकेक ओल्या गोधडीसारखं जड. दोन-अडीच तासांत खोलीएवढी जागा झाली असेल. सरी पार उताराच्या टोकापर्यंत गेली होती, आणि तशा कितीतरी. बोटं वाकेनाशी झाली तेव्हा उठले. वर उभं राहून पाहिलं, तर मी झाकलेला तुकडा कुठला ते मलाच ओळखता आलं नाही. गाडीत हीटर लावून हात धरले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. तुला वाटेल, रडली असेल. नाही रडले.

कालपासून इथे बर्फ पडतोय. आता मेपर्यंत काही दिसणार नाही. ऑफिसात लोक चांगले वागतात, कोणी काही म्हणत नाही. लेक पुन्हा बोलायला लागलीय, शाळेचं, मैत्रिणींचं, त्याच्याबद्दल नाही. मला हे काम सोडावंसं वाटतं आणि सोडून दुसरं काय येतं मला, तेही कळत नाही. तुझ्यासमोर ही पानं ठेवली असती तर तू जोडाक्षरांवर अडखळत, बोट ठेवून, अर्धा दिवस वाचत बसली असतीस. ते मला बघवलं नसतं. बरंच झालं, ही कुठे पाठवायची नाहीत.

एक मात्र लिहायचं राहिलं. त्या मेलमध्ये मी, मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, असं लिहिलेलं नाही. "खालच्या भागातला बर्फ टीमच्या लक्षात आला नाही," असं लिहिलंय. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तिथे "मी" होतं. पाठवायच्या आधी मी ते बदललं.